व्यवस्थापनाच्या वतीने

त्या दिवशी सातपूरच्या आमच्या कंपनीत जेवणाची सुट्टी चांगली वीस मिनिटं लांबली... आणि त्याला कारण मी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस. कालपासून आपल्या ग्रुपवर वाद पेटलाय ना, कंपन्यांनी आणि युनियननी उमेदवारांना मदत करावी की नाही... म्हणून आठवली.

मी ऑफिसात मराठी टायपिस्ट होते. इंदिरानगरहून दोन बस बदलून यायचे. ऑफिसातल्या बायकांपैकी युनियनची सभासद मी एकटीच, त्यामुळे सकाळी साहेबांची पत्रं आणि दुपारी युनियनची पत्रं, दोन्ही माझ्याच मशीनवर निघायची. साहेबांना ते ठाऊक होतं आणि चालतही होतं. युनियनचं पत्र शुद्ध असलं की वाचताना डोकं दुखत नाही, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी आमचा पगारवाढीचा करार अडकला होता. दिवाळी तोंडावर आली तरी सही होईना. त्यात आमच्या मिस्टरांचा कारखाना बंद पडलेला, म्हणजे घर माझ्या एकटीच्या पगारावर... त्यामुळे करार हवाच होता, आणि नोकरी तर त्याहून हवी होती.

तेव्हा वेल्डिंग शॉपचे तात्या आमचे अध्यक्ष होते. मनाने सोनं, पण डोक्यात एकदा काही बसलं की बसलं. त्यांनी ठरवलं, युनियनच्या फंडातून एका उमेदवाराला मदत करायची आणि आमचा लाउडस्पीकरही प्रचाराला द्यायचा. तो निवडून आला की करारात मध्ये पडेल, आपला माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की तात्या ते पत्र सांगायला आले त्याच सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक पत्र सांगितलं होतं. कंपनीतर्फे प्रचाराला दोन जीपा आणि शुभेच्छा. "जरा गोड लिहा, आपला माणूस आहे," म्हणाले. उमेदवार तोच... आणि शब्दसुद्धा तेच.

आता टायपिस्टने मशीनवरचं मशीनवरच ठेवायचं असतं. मी ते घरीसुद्धा बोलले नाही. पण दुपारी तात्या आले तेव्हा माझं कशात लक्ष लागेना.

तात्या मसुदा वगैरे कधी द्यायचे नाहीत. तूच लिही गं नीट, एवढं सांगून मोकळे. मग मी साहेबांच्या पत्राची कॉपी शेजारी ठेवली आणि त्यावरूनच युनियनचं पत्र उतरवलं. जीपांच्या जागी लाउडस्पीकर, कंपनीच्या जागी युनियन... वेगळं लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत गेटवर सभा झाली. फंडातून काहीही द्यायचं तर आधी सगळ्यांना वाचून दाखवायचं, हा आमचा नियम होता. तात्यांनी चष्मा लावला आणि त्याच लाउडस्पीकरवरून पत्र वाचायला घेतलं. तात्यांच्या वाचनात स्वल्पविरामाला थांबा नसायचा, त्यामुळे शेवटचं वाक्यही ते एका दमात म्हणून गेले... "आणि व्यवस्थापनाच्या वतीने आपणास विजयासाठी हार्दिक शुभेच्छा."

त्यांना स्वतःला काही कळलं नाही. मागे कुणीतरी फिस्कन हसलं.

सिन्नरकडचे एक दगूभाऊ होते, टर्नर. इतक्या वर्षांत सभेत तोंड उघडलं नसेल. ते उठून उभे राहिले.

"तात्या, हा मानूस आपला हाय का त्यांचा? दोघांचाबी असंल, तर करारात तो कोनाकडनं बोलनार?"

तात्यांनी कागद पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं आणि माइक चालू असतानाच विचारलं, "सुनंदा, हे काय आहे?" वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत साहेब उभे होते. टायपिंगची चूक म्हणून खाली बसले असते तर विषय तिथेच मिटला असता.

"चूक माझी आहे तात्या," मी म्हटलं. "पण दोन्ही पत्रं माझ्याच मशीनवर झालीत."

कोणती दोन, हे कुणीच विचारलं नाही. हात वर झाले. ज्याला द्यायचं त्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या नावाने द्यावं, युनियनच्या नावाने कुणालाच नाही... असं ठरलं. लाउडस्पीकर गेटवरच राहिला. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच चहा घेऊन आले.

साहेबांनी चार वाजता आत बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी पदर खोचून आत गेले. ते म्हणाले, "बाई, यापुढे मसुदे वेगवेगळे ठेवत जा." बस्स, एवढंच.

उमेदवार निवडून आला. करार मात्र त्याच्याशिवाय झाला, दिवाळीनंतर, समोरासमोर टेबलावर बसून. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण जे मिळालं ते आमचं आम्ही मिळवलं होतं, आणि त्या पगारात मी सुखाने रिटायर झाले.

दगूभाऊ आता नाहीत. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर ते वाक्य वाऱ्यावरच गेलं असतं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि आज एक कबूल करून टाकते... तो शब्द मला मशीनमधून कागद काढतानाच दिसला होता. व्हाइटनरची बाटली हाताशीच होती. मी झाकण उघडलं... आणि परत लावून टाकलं.