पुष्पाताईंची झोप

पुष्पाताई कितीतरी वर्षं माझ्या घरी येत होत्या, पण खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. खुर्चीच्या अगदी कडेला, पदर आवरून, एक पाय दाराच्या दिशेनं. नीट बसा म्हटलं की म्हणायच्या, "बसली नं मंदाताई, अजून किती बसू?" चहा बशीत ओतायच्या, फुंकर घालायलाही न थांबता प्यायच्या आणि कप स्वतःच मोरीत नेऊन ठेवायच्या. लग्नाची पंगत असो, बँकेतला बाक असो, देऊळ असो, बैठक हीच. त्यांच्याकडे पाहून मलाच दमल्यासारखं व्हायचं.

पुलगावात मिलच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान वसंतराव मिलमध्ये फिटर होते. काम सुटून घरी बसले आणि थोड्याच दिवसांत लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली; जिभेवर 'पाणी', 'नको', 'ये' असे चार-दोन शब्द तेवढे उरले. त्यातला 'ये' सर्वांत जास्त चालायचा. पुष्पाताई अंगणात धुणं वाळत घालत असोत की माझ्या ओट्यावर शेंगा सोलत असोत, भिंतीपलीकडून 'ये' आला की हातातलं टाकून निघायच्या. वसंतराव जेवायचे ते त्यांच्याच हातून. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून अनेकदा त्यांना कुशीवर वळवावं लागे, त्यामुळे या बाईच्या झोपेचे नुसते तुकडे झाले होते. "थकत नाही का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "थकाले सुट्टी लागते, मंदाताई. ते कोण देईन?"

मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसले. रांगेत उभा राहणारा माणूस कोणता आणि रांग मोडणारा कोणता हे चेहरा पाहून मला कळतं, असा माझा समज आहे. वसंतरावांना मी रांग मोडणाऱ्यांत टाकून दिलं होतं. मुलगा पुण्याहून आला तरी त्याच्या हातचा घास घेणार नाहीत, तोंड मिटून बायकोची वाट पाहत राहतील, हा कसला हट्ट? मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. त्यांच्या खाटेशी उभी राहून मी सुनवायचे, "जरा त्या बाईले पाठ टेकू द्या जी!" ते माझ्याकडे टक लावून पाहत आणि म्हणत, "नको." पुष्पाताई मात्र त्यांची बाजू घ्यायच्या. आजारी माणसाचं मन लेकरासारखं असते, म्हणायच्या. असेल. पण लेकरू निदान संध्याकाळी झोपतं तरी.

लकव्याच्या आधी पुष्पाताई आर्वीकडच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होत्या. रोज एसटीनं जायच्या-यायच्या. त्या दिवसांविषयी बोलताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. मला वाटायचं अंगणवाडीतल्या पोरांची आठवण येत असेल, पण नाही, त्यांना आठवायची ती गाडी. "येष्टीत बसली की मी कोणाचीच नसतो," त्या म्हणायच्या. "घरचे समजतात शाळेत पोचली, शाळेतले समजतात घरी हाय. येष्टी कोणाची वाट पाहत नाई अन् येष्टीत आपली वाट पाहणारंबी कोणी नसते." नोकरी सोडली तेव्हा पगार गेल्यापेक्षा तो एक तास गेल्याचं त्यांना जास्त लागलं असावं.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. आईकडे पाहून त्यालाही कधीतरी कळलं म्हणायचं. एका दिवाळीला त्यानं जाहीर केलं की आपण रजा काढून बाबांजवळ राहणार आणि आई फिरायला जाणार. वर्ध्याची काही निवृत्त मंडळी मुंबईहून जहाजानं कोचीला जाऊन परत येणार होती. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, पेन्शन सुरू, मला सोबत हवीच होती. पुष्पाताईंनी सगळ्या सबबी सांगून पाहिल्या. शेवटी कबूल झाल्या, पण एका अटीवर. आपण फोन केला तर तो बाबांच्या कानाला लावायचा नाही, असं त्यांनी प्रशांतला बजावलं. "त्याईचा 'ये' ऐकला तं मी समुद्रातून चालत येईन."

जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेलं मंगल कार्यालय. सकाळपासून गाणी, नाश्त्याला रांग, जेवणाला रांग, मधल्या वेळात जाकिटातल्या एका मुलीच्या तालावर हात वर करून नाचणारे आमचे निवृत्त तलाठी. पुष्पाताई त्या सगळ्यात कुठेतरी कडेला बसलेल्या असायच्या. गादी मऊ होती, खोली थंड होती, पण त्यांना झोप लागेना. डोळा लागतो न लागतो तोच उठून बसायच्या आणि अंधारात कोणाला तरी वळवायला हात पुढे करायच्या. मग भानावर आल्या की "सवय हाय," म्हणून पुन्हा आडव्या व्हायच्या.

फोन मात्र रोज यायचा आणि रोज वाईट यायचा. वसंतरावांनी पहिल्या दिवशी कसंबसं खाल्लं, दुसऱ्या दिवशी दोन चमचे, मग तोंडच मिटून घेतलं. जहाज कोचीला लागलं त्या सकाळी प्रशांतचा आवाज रडवेला होता. डॉक्टर येऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, असं सांगून गेले होते. आमच्या टूर मॅनेजरनं चौकशी केली. पुष्पाताईंना इथंच उतरता येईल, संध्याकाळच्या विमानात जागा मिळू शकेल, पण दुपारपर्यंत हो-नाही सांगा, म्हणाला. पुष्पाताईंनी खोलीत जाऊन बॅग भरून ठेवली. पण हो-नाही कळवलं नाही.

कोचीत जहाज लागतं ते विलिंग्डन नावाच्या बेटाला. धक्क्यावर आमच्या मंडळींसाठी मोठी थंडगार गाडी उभी होती. चर्च, राजवाडा, मसाल्यांचा बाजार, सगळं दाखवून आणणार होती. दाराशी मॅनेजर माणसं मोजत होता. पुष्पाताई पायरीपर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. "मले यात नका बसवू," त्या मला म्हणाल्या. "इथं मोजतात. आज मले कोणी मोजू नका. आपण साध्या गाडीनं जाऊ." कुठे जायचं, विचारलं तर म्हणाल्या, "गाडी जाते तठी."

मी कुरकुरले. गुडघे दुखत होते, ऊन चढत होतं आणि थंड गाडीचे पैसे भरलेले होते. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणवेना. फाटकाबाहेर चालत जाऊन आम्ही तिथली साधी बस पकडली. खिडकीला काच नाही, वर गुंडाळून बांधलेला रेक्झिनचा पडदा. बायका पुढे, पुरुष मागे. कंडक्टरनं काहीतरी विचारलं, आम्हाला कळलं नाही. आम्ही शेवटपर्यंत, असं हातानं सांगितलं. पूल ओलांडून बसनं आम्हाला एर्नाकुलमला सोडलं. विचारत विचारत बोटीच्या धक्क्यावर गेलो. फोर्ट कोचीला जाणारी सरकारी बोट लागत होती, भाडं आपल्या पुलगावातल्या ऑटोपेक्षाही कमी. चढण्याआधी पुष्पाताईंनी पिशवीतून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्यापाशी ठेवा," म्हणाल्या. "पल्याड जाईपर्यंत मी इचार करतो. मंग सांगतो काय ते."

बोट कामाला जाणाऱ्या माणसांची होती. डबे, दप्तरं, एका बाईच्या मांडीवर केळफुलाची पिशवी. आम्ही खिडकीच्या बाकावर बसलो. बोट सुटली, वारं आत आलं, आणि पुष्पाताईंनी बाकाला पाठ टेकली. मी पाहतच राहिले. मग त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली, तोंड थोडं उघडं पडलं आणि त्या घोरायला लागल्या. विचार करायला म्हणून बसलेली बाई पाण्याच्या मध्यावर पोचण्याआधीच गाढ झोपली होती.

पलीकडचा धक्का आला. सगळे उतरले, नवे चढले. तिकिटवाला आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मी दोन बोटं दाखवली आणि आलो त्या दिशेला हात केला. त्यानं एकदा पुष्पाताईंकडे पाहिलं, दोन तिकिटं फाडून दिली आणि शेजारी मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला हळू बोल म्हणून खूण केली. अशा आम्ही फोर्ट कोचीहून एर्नाकुलमला, एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जात-येत राहिलो. माझा खांदा बधिर झाला. जहाजावर दुपारपर्यंत निरोप द्यायचा होता आणि दुपार होऊन गेली होती. त्यांना हलवायला मी दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला.

त्यातच फोन थरथरला. प्रशांत होता. आई कुठे आहे, म्हणाला. झोपली आहे, मी म्हणाले. "काकू, उठवा नं तिले," तो म्हणाला, "बाबा चमचा आतच जाऊ देऊन नाई राह्यले. तिनं विमानाचं काय ठरवलं ते सांगू द्या."

मी फार दमले होते. पुष्पाताईंच्या वाटचंही दमले होते बहुतेक, आणि त्या खाटेवरच्या माणसाचा मला इतका संताप आला की माझा आवाज ऐकून बोटीतली माणसं वळून पाहायला लागली. "नाई उठवत," मी म्हणाले. "किती वर्षांची झोप बाकी हाय या बाईची, तुमी बापलेकानं कधी पाह्यलं का? सांग तुह्या बापाले, पुष्पा बोटीत झोपली हाय, तोंड उघडं टाकून घोरून राह्यली हाय, माह्या खांद्यावर लाळ गाळली तिनं, अन् मी तिले उठवत नाई. जेवाचं असन तं जेवा म्हणा, नाई तं नका जेवू." मग प्रशांतनं फोन ठेवला.

पुष्पाताई जाग्या झाल्या त्या आपसूक. बोट फोर्ट कोचीच्या धक्क्याला घासली होती. कुठे आलो, विचारलं. मी म्हणाले, तिथंच. मग सगळं खरं सांगितलं, फोनवर काय बोलले तेही. "मले काऊन नाई उठवलं?" म्हणाल्या, पण त्यात राग नव्हता, भीती होती. त्यांनी फोन लावला. बोलता बोलता त्या धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. वसंतरावांनी वाटीभर मऊ वरण-भात खाल्ला होता. प्रशांतच्या हातून. वर पाणीही मागितलं होतं. पुष्पाताईंनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली आणि म्हणाल्या, "मंग मी आज येत नाई. जहाजानंच येतो."

धक्क्याबाहेर आम्ही पिकल्या केळ्यांची गरम भजी खाल्ली आणि एका बसनं बेटावर परतलो. चर्च नाही, राजवाडा नाही, काही पाहिलं नाही. आमची मंडळी जहाजावर फोटो दाखवत होती. तुम्ही काय पाहिलं, विचारल्यावर पुष्पाताई म्हणाल्या, "पाणी पाह्यलं. लय होतं." त्या दिवसापासून मुंबई येईपर्यंत त्या खोलीत नीट झोपल्या.

पुलगावात परतल्यावर मी गल्लीत सांगत सुटले की वसंतरावांना मी सुतासारखं सरळ केलं. पोटात आग पडली की भल्याभल्यांचे हट्ट सुटतात, हे माझं निदान. गोष्ट खरीही दिसत होती. तेव्हापासून ते मुलाच्या, दिवसा सांभाळायला नेमलेल्या बाईच्या, कोणाच्याही हातून जेवायला लागले. एकदा माझ्याही हातून जेवले. 'ये' कमी झाला. पुष्पाताईंना दुपारची तासभर झोप मिळायला लागली. पुढच्या हिवाळ्यात वसंतराव झोपेतच गेले. प्रशांतनं घर बंद केलं आणि आईला पुण्याला न्यायचं ठरवलं.

मी स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीला उशीर होता. प्रशांत सामानापाशी उभा राहिला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. पुलगाव सुटणार, आता भिंतीपलीकडे कोणी नाही, या विचारानं मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी पुण्याच्या पाण्याला नावं ठेवत होते. पुष्पाताई ऐकत नव्हत्या. एक सांगायचं राहिलंय, म्हणाल्या. प्रशांतनं त्यांनाही वडील गेल्यानंतरच सांगितलं होतं, आईच्या मनाला लागेल म्हणून.

वसंतरावांचे थोरले भाऊ तळेगावला वारले होते, तेव्हा आजारी माणसाला धक्का नको म्हणून घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं, दादा फिरायला गेले. काही महिन्यांनी त्यांना खरं काय ते कळलं. आणि आमच्या जहाजाच्या वेळी, इतक्या वर्षांत एक दिवस घर न सोडलेली बायको 'ये' ऐकायला नको म्हणून ते झोपेत असतानाच निघाली, अचानक दिसेनाशी झाली. विचारलं की मुलगा म्हणतो, आई फिरायला गेली. फोनवर आवाजही ऐकवत नाहीत. तेव्हा त्यांनी समजायचं ते समजून घेतलं आणि तोंड मिटलं. मी बोटीतून ओरडत होते तेव्हा प्रशांतच्या एका हातात चमचा होता आणि फोन मोठ्या आवाजावर खाटेवर ठेवलेला होता. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. ऐकून झाल्यावर जिभेवर जोर देऊन मुलाला एकच शब्द विचारला होता, "जिती?" प्रशांत हो म्हणाला, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

गाडीची घोषणा झाली. प्रशांतनं बॅगा उचलल्या. पुष्पाताईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"पोराच्या बोलण्यावर त्याईचा इश्वास नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर बसला. मेल्या बाईच्या झोपेसाठी कोणी असं भांडते का, मंदाताई?"