सेन्सेईंचा फ्लास्क

रविवारची दुपार. वरणभात अंगावर आलाय, पंखा फिरतोय. संध्याकाळी कॉलेजात प्रोफेसर मोरिहिसा तानिगावांची शोकसभा आहे आणि बोलायचंय मला. जपानमध्ये, सापोरोला त्यांच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं होते. आम्ही सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचो. मंगळवारी ते गेल्याचं कळलं. तेव्हापासून ना रडू येतं, ना त्यांच्याबद्दल एक धड वाक्य सुचतं. पदकं तेवढी पाठ आहेत. ती काय, कुणीही वाचून दाखवेल. जरा पडते म्हणून डोळे मिटते.

स्वयंपाकघरात नळ वाहतोय. कुणी उघडा टाकलाय म्हणत उठते, तर ओट्याशी सेन्सेई उभे. अंगात समारंभाचा काळा कोट, बाह्या वर सारलेल्या.

"निगु-सान, आज कुणाची फसली?" निगुडकर हे नाव काही त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही.

त्यांच्याकडे रीतच होती. ज्याची रिॲक्शन फसली, त्याने त्या दिवशी काचसामानाला हात लावायचा नाही. त्याचं बाकीच्यांनी धुवायचं, सेन्सेईंसकट. उजव्या-डाव्या हातासारखे जुळे रेणू असतात. त्यातला औषधाला हवा तेवढाच बनवणारा उत्प्रेरक या माणसाने शोधला. त्याबद्दल देशाचं मोठं पदक मिळालं, त्या दिवशीही सभागृहातून थेट येऊन माझाच चिकट फ्लास्क घासत उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"माझी नाही फसली," मी म्हणते. "तुमची, सेन्सेई. तुम्ही मंगळवारी गेलात."

"असं होय." ते हात पुसतात आणि बाजूला होतात.

मी धुवायला घेते. ओटा आता प्रयोगशाळेतला आहे. खिडकीबाहेर बर्फ पडतंय, त्यात आमचा कोथरूडचा बसस्टॉप. फ्लास्कच्या तळाशी काळं काहीतरी धरलंय, निघता निघत नाही. पाणी इतकं गार की बोटं बधिर झालीत.

"यात काय होतं?"

"माहीत नाही. अजून चालू होतं."

"सभेत तुमच्याबद्दल काय सांगू?"

"उत्प्रेरकाचं नको. ते छापून आलंय."

ते नुसतेच उभे आहेत. हात खिशात घालतात, बाहेर काढतात, पाठीमागे धरतात. या माणसाला असं रिकामं मी कधी पाहिलेलं नाही.

"कसं वाटतंय?" मी विचारते.

"करायला काही नाही, निगु-सान." आवाज नेहमीसारखाच.

घ्या, तुमचं तुम्हीच धुवा, रीत गेली खड्ड्यात, असं म्हणून फ्लास्क त्यांच्या हातात द्यायचाय मला. पण बोटं उघडतच नाहीत.

"अगं, निघायचंय ना?" श्रीरंग, माझा नवरा, चहा घेऊन उशाशी उभा आहे. कप घ्यायला मी हात पुढे करते. बोटांची टोकं पांढरीफटक पडलीत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलीत. तो बघत राहतो.

"झोपली होतीस ना तू?"

"सेन्सेईंचं धूत होते. त्यांना आता फ्लास्कला हात लावता येत नाही."

रडू अजूनही येत नाही. संध्याकाळसाठी मात्र एक वाक्य मिळालंय. माझे सेन्सेई आज रिकाम्या हातांनी उभे आहेत.