जिन्याच्या पायऱ्यांचं टेबल

लाकडावरचे व्रण ठेवायचे की घालवायचे, हे कोणी ठरवायचं? टेबल बनवणाऱ्यानं, की त्यावर कोपर टेकून अभ्यास करणाऱ्यानं?

परळच्या आमच्या बुद्धविहारात अभ्यासिका उघडायची होती. तिचं टेबल मी बनवलं. स्वतःच्या मनानं बनवलेली माझी ती पहिली वस्तू. तोवर लालबागच्या एका वर्कशॉपात मी प्लायवर मायका चिकटवायचे. लहानपणापासून चळवळीच्या पुस्तिका वाचत वाढलेली मी. मुलामा दिसला की डोकं फिरायचं.

शेजारची चाळ पाडली, तेव्हा तिच्या जिन्याच्या सागवानी पायऱ्या मी उचलून आणल्या. खिळ्यांची भोकं, गंजाचे काळे डाग तसेच ठेवले. सांधेही उघडे. गिरणीच्या पाळीला धावणारे पाय या लाकडावरून गेलेत, ते दिसलंच पाहिजे, असा माझा हट्ट.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी कमिटीचे अध्यक्ष काका टेबलाभोवती फिरले.

"पॉलिश कधी?"

"झालंय काका. हे असंच आहे."

"असंच? उद्या पाहुणे विचारतील, कुठल्या भंगारवाल्यानं दान दिलं? मायका मार वरून."

"मायका लावलात तर टेबल परत नेईन."

"ने! पोरं सतरंजीवर बसतील."

मी खरंच टेबलाला हात घातला. तेवढ्यात झाडू मारणारी मावशी पुढं आली. तिची मुलगी बारावीला होती आणि घरात वही पसरायला जागा नव्हती. या टेबलाची सगळ्यात जास्त वाट मावशीच बघत होती. तिनं एक कागद टेबलावर ठेवला, काकांच्या खिशातलं पेन घेतलं आणि रेघ ओढली. पेन भोकात गेलं. कागद टर्रकन फाटला.

"तुला इतिहास दिसतो गं," ती म्हणाली. "माझी आई मालकिणीची उतरलेली लुगडी नेसली. मी तिच्या पोरीचे जुने फ्रॉक घातले. आता माझ्या पोरीनं लोकांनी चपला घासलेल्या फळीवर परीक्षेचा अभ्यास करायचा?"

मला राग आला. पण फाटलेला कागद समोरच होता.

मी रंधा काढला. काका दारात घड्याळ बघत उभे. खालचा सोनेरी रंग वर येईपर्यंत फळ्या रंधल्या, प्रत्येक भोकात नव्या सागवानाची खुंटी ठोकून सपाट केली. सांधे मात्र झाकले नाहीत आणि मायका दारातून आत येऊ दिला नाही. संध्याकाळी मावशीनं टेबलभर तळवा फिरवला. कुठंच अडकला नाही. "पोरीला बोलावते," एवढंच म्हणाली.

आज माझ्या कामाला लोक माझी स्टाईल म्हणतात: पायांवर, खालच्या अंगाला जुने व्रण शाबूत, पण जिथं हात आणि कागद टेकतो, तिथं लाकूड कोरं. ती त्या भांडणात ठरली.

तुमच्या भागातल्या अभ्यासिकेला टेबल देणार असाल, तर जरूर द्या. पण आधी आपल्या पोराला त्यावर बसवून एक अख्खा पेपर लिहायला लावा. कागद फाटला, तर रंधा मारून घ्या आणि मगच पाठवा.