गोम आणि गरम तेल

"मॅडम, गोम अजून आत हाय का?"

उत्तमराव विचारत होते. मी मायक्रोस्कोपमधून त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या कानात बघत होते. गोम होती. बोटाच्या पेराएवढी, मेलेली. चिमट्यानं ओढून ट्रेमध्ये ठेवली.

पण कानाची नळी भाजून पांढरी पडली होती आणि पडद्याला मोठं भोक होतं.

औरंगपुऱ्यात मी बरीच वर्षं कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते. गोम कानातून मेंदूत शिरते, ही भीती प्रत्येक पेशंटला असते. ती शिरत नाही. वाट पडद्यापाशीच संपते.

"कानात काय घातलं?"

उत्तमराव गवंडीकाम करतात, वेरूळजवळच्या गावात. त्यांनी मान खाली घातली. "तेल. दुपारी वट्यावर पडली व्हती, गोम शिरली. लई वरडत व्हती. शेजारचे म्हणले, कडक तेल ओता, लगेच मरंल. मीच तापवलं."

"दुसऱ्या कानानं ऐकू येतं ना?"

"नाय मॅडम. तो ल्हानपणीच गेला. ह्योच एक चांगला व्हता."

मी कान साफ करून औषध लावलं.

जखम सुकल्यावर ऑडिओग्राम काढला, म्हणजे ऐकण्याची तपासणी. पडदा ऑपरेशननं नवा बसवता येतो. पण आतली नसही बधिर झाली होती, आणि तिला ऑपरेशन नाही. ऐकायचं मशीन लावून पाहिलं. आवाज कळायचा, शब्द नाही. पुण्याहून लेकीचा फोन आला, तो शांताबाईंनी क्षणभर कानाला धरला आणि नवऱ्याकडे दिला.

उत्तमरावांनी मला बाहेर गाठलं. "मॅडम, तिला लिहून सांगा, गोमंनं कान खाल्ला. तेलाचं नका सांगू."

मी आत आले, कागद घेतला, पण पेन चालेना. शांताबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"तेलानंच गेला, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पोळलं तवाच कळलं. पण त्यांना सांगू नका. म्हणा, शांताला गोमंचंच वाटतंय. जेवत नाहीत ओ ते."

आपण किती मोठ्यानं बोलतोय, हे त्यांना कळत नव्हतं. उत्तमराव दारातच उभे होते. ते तिथंच खाली बसले.

शांताबाईंना पुन्हा नीट ऐकू आलं नाही. तपासणीला दोघं येतात. उत्तमराव समोर उभे राहून सावकाश बोलतात, त्या ओठ वाचतात.

कानात किडा गेला तर घरी काही ओतू नका, थेट दवाखान्यात या. ती गोम काढायला मला दोन मिनिटं लागली होती.