खंडेनवमीचं धनुष्य आणि रबरी कोल्हा

धनुष्यबाणाने मी आजवर एकच प्राणी टिपला आहे: एक रबरी कोल्हा. माझा नेम हरणावर होता.

ते हरीणही रबरीच. इंग्लंडात धनुष्याने खरी शिकार करायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी आहे म्हणूनच शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला नॉटिंगहॅमबाहेरच्या रानातल्या तिरंदाजी क्लबात जाऊ दिलं. ("तुम्हाला माशीसुद्धा मारवत नाही अहो. तरी कायदा आपल्या बाजूने असलेला बरा!") नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. दिवसभर माणसं माझ्यासमोर झोपायची. कुणीतरी जागेपणी माझ्याकडे कौतुकाने पाहावं अशी माझी फार इच्छा होती.

क्लबात बॅरी नावाचा निवृत्त खाणकामगार होता. शेडमध्ये बसून तो लाकडी धनुष्यं घडवायचा आणि लहानथोर सगळ्यांना 'डक' म्हणायचा. तिकडची ती प्रेमाची हाक. वार्षिक स्पर्धेसाठी त्याने मला स्वतःचं लाडकं धनुष्य उसनं दिलं.

"दोन हिवाळे गेलेत यात, डक," तो म्हणाला. "तीनच गोष्टी सांभाळ. काम झालं की दोरी उतरव, नाहीतर लाकूड वाकतं ते वाकतंच. हीटरजवळ ठेवू नकोस. आणि बाणांची पिसं कोरडी ठेव."

मी गंभीरपणे मान डोलावली, आणि घरी येऊन या तिन्ही गोष्टी आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'एका धनुर्धराचे अनुभवाचे बोल' म्हणून लिहून काढल्या. अनुभव पाच रविवारांचा होता. लेख भरावा म्हणून मी आणखीही सल्ले दिले: वाऱ्याचा अंदाज घ्यायला चिमूटभर टाल्कम पावडर उडवावी, रानात चिवडा न्यायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत न नेता फडक्यात बांधून न्यावा. (पिशवी वाजते, हरीण पळतं.) रबरी हरीण पळत नाही, एवढं मात्र मी लिहिलं नाही.

स्पर्धा नेमकी दसऱ्याला आली. आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि पुण्याहून आई सहा महिन्यांसाठी आलेली. मागच्या खेपेला तिने शस्त्रं म्हणून माझा स्टेथोस्कोप, बटाट्याचं सोलाणं आणि शैलाचा मिक्सर पुजला होता. यंदा तिचे डोळे चमकले.

"अरे श्री, आपल्या घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय! पण हे असं काठीसारखं काय? दोरी कुठाय?"

"उतरवून ठेवायची असते, आई."

"मग मी काय काठीची पूजा करू?"

इथे कुणीतरी मला आवरायला हवं होतं. मी दोरी चढवली. धनुष्याला असा काही रुबाबदार बाक आला की मी ते घेऊन तीनदा आरशासमोरून गेलो. पूजा झाल्याबरोबर उतरवू, असा विचार केला. आईने धनुष्याला खोबरेल चोळलं ("कोरडं पडलंय बिचारं!"), बाणांवर पाणी शिंपडलं, प्रत्येक बाणाच्या टोकाला ओलं कुंकू लावलं. आरती झाली. मी हात पुढे केला आणि हातावर चापट बसली.

"पुजलेल्या शस्त्राला आज हात लावायचा नाही! उद्या सीमोल्लंघनाला उचलायचं."

आमचं देवघर म्हणजे रेडिएटरवरची, भिंतीलगतच्या हीटरवरची फळी. आईला थंडी वाजते म्हणून त्या दिवशी मोसमातलं पहिलं हीटिंग लावलं होतं. मी ते बंद केलं. आईने शाल ओढून घेतली. शैलाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हीटिंग पुन्हा लावलं.

दसऱ्याला आईही निघाली. सीमोल्लंघनाला वेस ओलांडायला हवी, आणि क्लब सिटी कौन्सिलच्या हद्दीबाहेर आहे हे आमच्या अकरा वर्षांच्या मीनलने तिला नकाशात दाखवलं होतं.

क्लबाच्या अध्यक्षांनी शिंग फुंकून स्पर्धा सुरू केली. छातीवर अकरा पदकं, टोपीत लांबलचक पीस. (पदकं हजेरीची होती. पीस कशाचं होतं ते कळलं नाही.) माझी पाळी आली. मी ऐटीत टाल्कम उडवली, ती माझ्याच चष्म्यावर बसली. पुसून नेम धरला, दोरी ओढली. धनुष्याने एखाद्या थकल्या माणसासारखा सुस्कारा सोडला आणि बाण डुलत, डुलत, हरणाच्या बराच अलीकडे वळून शेजारच्या कोल्ह्याच्या खांद्यात रुतला. बाणाची पिसं ओल्या कोंबडीसारखी चिकटली होती.

अध्यक्षांनी बाण उपसला. बोटं लाल झाली. कोल्ह्याचा खांदाही लाल.

"रबराला रक्त येत नाही, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "हा बाण याआधी कुठे वापरलात?"

सगळा क्लब माझ्याकडे पाहू लागला. अगदी जागेपणी! क्लबातून नाव जाणं तर किरकोळ. मला डोळ्यांपुढे पोलीस दिसू लागले आणि त्यांच्यामागे आमच्या हॉस्पिटलचे वरिष्ठ.

"ही... ही पावडर आहे," मी म्हणालो. "धार्मिक."

"काय म्हणतोय रे हा पिसवाला?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि काही कळायच्या आत अध्यक्षांच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. अध्यक्षांनी कपाळ चाचपलं, पुन्हा बोटं पाहिली, आणि बाराव्या पदकासारखा तो टिळा दिवसभर मिरवला.

मी सुटलो. मग बॅरी जवळ आला.

"किती वेळ चढवून ठेवलं होतंस, डक?"

"थोडाच वेळ," मी म्हणालो.

"नाही बाबा, whole day!" मीनल ओरडली, आणि मग बॅरीकडे वळून तिने त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. रेडिएटर. पाणी. खोबरेलसुद्धा.

बॅरीने दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालं नाही. दोन हिवाळे त्याच्या हातात वाकून पडले होते. मला पोलीस परवडले असं वाटू लागलं.

आईने ओकच्या झाडाचं एक पिवळं पान तोडून त्याच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या. श्री, त्याला सांग, माझं चुकलं. पण मी त्याच्या कामाला नमस्कार केला होता."

मी सांगितलं. बॅरीने पान बोटांत फिरवून पाहिलं.

"तीस वर्षं खाणीत फावडं मारलं," तो म्हणाला, "पण त्या फावड्याला कुणी कधी फूल वाहिलं नाही." त्याने पान टोपीत खोचलं. "धनुष्य तुझ्या आईला राहू दे. आणि तू पुढच्या रविवारी मुलांचं फायबरग्लासचं घे. त्याचं तुलाही काही बिघडवता येणार नाही."

ते धनुष्य आमच्या हॉलमध्ये टांगलं आहे. दोरी केव्हाच हरवली, पण अडत नाही. न चढवताच ते चढवल्यासारखं दिसतं. त्याच आठवड्यात मंडळाचा अंक आला. संपादकांना माझ्या लेखातलं एक वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते माझ्या नावासकट ठळक चौकटीत छापलं होतं. शैलाने ती चौकट कापून, फ्रेम करून, धनुष्याच्या बरोब्बर खाली लावली:

'काम झालं की दोरी उतरवा, नाहीतर लाकूड वाकतं ते वाकतंच.'