चौदाव्या मजल्यावरची दुपार

शकूताई गेल्या त्या दुपारी मी एसी लावून झोपले होते. आईकडे आलेल्या त्यांच्या मुलीचा, नीताचा, फोन आला. "मावशी, आई उठत नाहीये..." आमची दारं समोरासमोर. चार पावलांत पोचले, पण उशीर झाला होता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उकाड्यामुळे का, असं नीतानं दोनदा विचारलं. सांगता येणार नाही, एवढंच ते म्हणाले.

आम्ही दोघी करी रोडच्या एकाच चाळीतल्या. त्या परळच्या इस्पितळात नर्स होत्या. चाळीत उकडायचं, पण दारं उघडी असायची, वारा आरपार फिरायचा. चाळ पाडून टॉवर झाला, दारं बंद झाली आणि घरोघर एसी आले. निवृत्त झाल्यावर शकूताईंनी एसीशिवाय घरं गार ठेवायचं मनावर घेतलं. पहाटे खिडक्या उघडा, ऊन चढायच्या आत बंद करा, पश्चिमेला बाहेरून बांबूचा चिक सोडा, संध्याकाळी समोरासमोरची दारं उघडी ठेवा... दारोदार जाऊन सांगायच्या. गच्चीला पांढरा रंग द्या म्हणून सोसायटीच्या सभेत भांडल्या. लोक हसले, कुणी चोरीची भीती घातली. पण हळूहळू आमच्या मजल्यानं ऐकलं. माझ्या एसीचा बाहेरचा डबा मधल्या डक्टमध्ये, शकूताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी होता. "सुनंदा, तुझा गारवा माझ्या ओट्यावर येऊन तापतो गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी डबा हलवून घेतला आणि एसीही दुपारपुरताच लावू लागले.

जायच्या चार दिवस आधी, भाजीची पिशवी हातात घेऊन त्या माझ्या दारात थांबल्या. "आज तुझ्याकडे बसू का, एसीत?" मी हसले. "तुम्ही? एसीत?" त्याही हसल्या आणि आपल्या घरात गेल्या. तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता कळत नाही. त्रास होत असता तर नर्सबाईंना समजलं नसतं? की सगळ्या बिल्डिंगला शिकवून झाल्यावर मागायला लाज वाटली? मी 'या' म्हणाले असते तर...

जलदानविधीच्या दिवशी नीता म्हणाली, आईचा हट्टच आईला नडला. मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. मजल्यावरची दारं संध्याकाळी अजून उघडतात. एका घरानं मात्र लगेच नवा एसी घेतला.

गेल्या रविवारी नीता घर आवरायला आली. भर दुपारी म्हणाली, "मावशी, आई जशी बसायची तशा बसून बघू." आम्ही चिक सोडला, पंखा लावला आणि आतल्या खोलीत लादीवर बसलो. अर्धा तास झाला असेल.

"तुला गरम होतंय?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. सुटल्यासारखं वाटून रडत होती की दोष द्यायला काही उरलं नाही म्हणून, मला कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खोली खरंच गार होती, आणि आम्हाला उठवत नव्हतं.