सात पिशव्या माती

माती सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदी संगणकातून काढायला मी कोड लिहिला, तर बोरी गावच्या सातही शेतांची माती हुबेहूब सारखी निघाली. कोडच चुकला असं समजून दोन दिवस डोकं फोडलं आणि शेवटी थेट बोरी गाठली.

बांधावर कडुलिंबाखाली एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. मळता अंगठा थांबला आणि तो गालात हसला.

"तुमचं मशीन बरोबर हाय, साहेब. खड्डे खांदायला मीच होतो. ऊन लय होतं. हितंच सावलीत एक खांदला अन् साती पिशव्या भरल्या."

मग हळूच म्हणाला, "त्या मशिनात माझं नाव हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच."

मीही नाव विचारलं नाही. त्यानं पुढं केलेली तंबाखू तेवढी घेतली.